आभाळ पडलं तेव्हा मी नव्हतो

पोर्ट हेडलंडपासून आत, रेल्वे-रुळांच्या कामाची छावणी
१७ जुलै १९७९

डेस,

तू भाऊ आहेस का कोण आहेस? अमेरिकेचं ते आकाशात फिरणारं घर, अख्खं स्कायलॅब, येऊन आपल्या शेतावर पडतं आणि मला ते आचाऱ्याकडून कळतं. हातात डाव घेऊन आला आणि म्हणाला, "ए लायल, तुमच्याकडं आभाळ पडलं म्हणे." मला वाटलं टिंगल करतोय. मग रेडिओवर बातम्या लागल्या, त्या माणसानं आपल्या एस्परन्सचं नाव घेतलं, आणि मी ताटावरून उठलो.

माझा सगळा जन्म त्या जागेत गेला. काय झालं तिथं कधी? एकदा शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर मिठाच्या तळ्यात रुतला तर तो बघायला लोक डबे बांधून आले होते. एप्रिलमध्ये निघताना मी तुला म्हणालो, इथं राहून माणसाची मेंढी होते. तू म्हणालास, मेंढ्यांचं काय वाईट चाललंय. आणि माझी पाठ वळते न वळते तोच हे! माझ्या पोटात आग पडलीय डेस, खोटं कशाला बोलू. कधी काही होईल म्हणून शेतापलीकडच्या टेकड्यांकडं बघत उभा राहायचो मी, तू नाही. तू तर वर बघतोस ते फक्त पाऊस येतोय का एवढ्यापुरतं. आणि दिसलं तुला.

इथं सगळे मला "स्कायलॅब" म्हणायला लागलेत. मुकादम म्हणतो, हा पण तिकडूनच सुटलाय आणि कुठं जाऊन पडेल नेम नाही. गडी रात्री मला विचारतात, कसं दिसलं असेल रे? मी काय सांगू, माझं कपाळ?

तर सगळं लिही. रंग, आवाज, कुत्र्यांनी काय केलं, बाबा काय म्हणाले. आणि मला एक तुकडा पाठव. मुठीएवढा पुरे. एक तरी वस्तू हातात घेऊन म्हणता येईल की हे आमच्याकडचं आहे.

ग्लेनिसनं पाहिलं का? दिवसभर पोस्टाच्या खिडकीत बसून साऱ्या गावाची पत्रं वाटते, पण स्वतः लिहायचं म्हटलं की दोन ओळींत आटोपते. तिला मी नाताळपर्यंत थांब म्हटलंय, ते तुला माहीत आहे. हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. नाताळला अंगठी घेऊनच येणार आहे. हे बाहेर बोलू नकोस.

लायल

*

कॉन्डिंगपच्या पुढे, घर
२९ जुलै

लायल,

तुझं पत्र मिळालं. कोकरं पडायचे दिवस आहेत, त्यात पाऊस, म्हणून उशीर झाला.

त्या रात्री कुत्री भुंकायला लागली म्हणून मी बाहेर आलो. आधी निळा उजेड होता, एकच. मग तो फुटला आणि लाल-पिवळे ठिपके झाले, पुष्कळ, एकामागून एक चाललेले, घाई नसल्यासारखे. मेंढ्या रांगेनं पाण्यावर जातात तसे. आवाज काहीच नाही. मला वाटलं झालं, संपलं, आणि तेवढ्यात धडाधड दणके बसले, पत्रे हादरले. नंतर बराच वेळ वरून शीळ घातल्यासारखं येत होतं. टिप्पी कुत्री पाण्याच्या टाकीखाली घुसली ती सकाळीच निघाली. बाबा माझ्या शेजारीच उभे होते. "छान आहे," म्हणाले आणि आत गेले.

शनिवारी जेवण करून तळ्यापलीकडच्या लांबच्या कुरणात गेलो आणि अंधार पडायच्या आत गाडी भरून परत. मॅली निलगिरीच्या झुडपांत एक टाकी अडकली होती, मेंढीएवढी मोठी, बाहेरून राखाडी धागे गुंडाळलेले. पत्र्याचे तुकडे जळलेल्या कागदासारखे वळलेले. आणि फेसासारखं काहीतरी, करपलेल्या पावासारखं, हातात चुरा होतं. वास जळक्या वायरीचा. सगळं लोकरीच्या शेडमध्ये ठेवलंय. गावातला एक पोरगा आपले तुकडे घेऊन बक्षिसासाठी विमानानं अमेरिकेला गेला, आणि आपल्या नगरपालिकेनं अमेरिकेच्या नावानं उघड्यावर कचरा टाकल्याची पावती फाडली. ते ऐकून बाबा खूप हसले.

तुकडा पाठवता येणार नाही. कारण विचारू नकोस.

रविवारी निम्मं गाव बघायला आलं होतं, ग्लेनिसपण होती. तिनं त्या टाकीवर टकटक केलं आणि म्हणाली, "कुणी आहे का घरात? तुमचं भाडं थकलंय." सगळे हसले.

प्रकृतीला जप. टोपी घालत जा.

डेस

*

छावणी
८ ऑगस्ट

डेस,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा बाहेर दिव्याखाली नेऊन वाचलं. आता मी काय विचारतो त्याचं सरळ उत्तर दे.

जेवण करून निघालात आणि अंधाराआधी परत. गाडी भरून. तळ्यापलीकडून. डेस, मी त्याच शेतावर वाढलोय. तिथं जायला किती फाटकं लागतात ते तू मला सांगणार? एकटा माणूस जातो तेव्हा काय होतं? थांबा, उतरा, फाटक उघडा, चढा, गाडी आत घ्या, थांबा, उतरा, फाटक लावा, चढा. लावलं नाही तर मेंढ्या बाहेर. जाताना तेवढी आणि येताना तेवढी. त्यात तुकडे शोधायचे, उचलायचे, एवढी टाकी झुडपातून ओढून चढवायची. एकट्याला दुसरा दिवस उजाडला असता. म्हणजे गाडीत शेजारी कुणीतरी बसलं होतं. फाटक शेजारी बसतो तोच उघडतो, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

बाबा होते म्हणू नकोस. बाबा त्या बाजूला बसल्याचं मला माहीत नाही. ते गाडीत असले की चाक त्यांच्याच हातात. आई शेवटची दवाखान्यात गेली तेव्हासुद्धा त्यांनी मला चालवू दिलं नव्हतं, डोळ्यांना धार लागलेली असताना. ते फाटक उघडायला खाली उतरतील?

आणि दुसरं. तू जन्मात कधी कुणाचा विनोद पत्रात लिहिला नाहीस. आचारी इथं रोज असले दहा विनोद करतो. मेंढ्या, पाऊस आणि टोपी घाल, एवढंच लिहिणारा माणूस तू. मग हाच विनोद बरा लक्षात राहिला? तिनं टकटक कशी केली तेसुद्धा?

तुकडा पाठवता येत नाही, कारण विचारू नकोस. का, तिला दिलास?

मला झोप येत नाही. बाकीचे घोरतात आणि मी तुझ्या गाडीतली ती शेजारची जागा बघत पडतो. सांग कोण होतं.

लायल

*

घर
१९ ऑगस्ट

लायल,

असलं काही नाही. डोकं थंड ठेव. उन्हानं माणूस बावचळतो.

फाटकं कुणी उघडली ते मी सांगणार नाही. मी शब्द दिलाय. तुला ओळखतो म्हणूनच दिलाय.

कोकरं चांगली आहेत. दोन जुळी आहेत.

डेस

*

छावणी
२६ ऑगस्ट

ग्लेनिस,

तू दोन ओळी लिहितेस म्हणून मीही थोडक्यात लिहितो.

मला सगळं कळलंय. डेस शब्द दिलाय म्हणतो. कुणाला दिला ते कळायला मला काही जास्त शाळा शिकायला नको. इथं मी ऊन खात रूळ बदलतोय, कुणासाठी ते तुला माहीत आहे, आणि तू त्याच्या शेजारी बसून माझ्याच शेतातली फाटकं उघडत हिंडतेस. आभाळातला कचरा वेचायला! आधी माझ्याबरोबर नाचाला आलीस तेव्हा म्हणालीस की तुला गाडीत मळमळतं. त्याच्या गाडीत नाही मळमळत वाटतं.

तो वर कधी बघत नाही, म्हणून त्याच्या पुढ्यात सगळं आपोआप पडतं. आधी स्कायलॅब, आता तू.

थांबायचं नव्हतं तर तसं सांगायचं. बाई अशी नसते.

लायल ट्रेगेन्झा

*

घर
९ सप्टेंबर

लायल,

तू तिला काय लिहिलंस ते मला माहीत आहे, कारण मी ते सगळं ऐकलं.

बुधवारी ग्लेनिस पोस्ट बंद करून थेट इथं आली. बाबा आणि मी शेडच्या दारात होतो. तिनं नमस्कार-चमत्कार काही केला नाही. कागद काढला आणि तुझं पत्र पहिल्या अक्षरापासून मोठ्यानं वाचलं. मळमळण्याचंसुद्धा. "बाई अशी नसते" इथं आली आणि थांबली. मग मला म्हणाली, "डेस, मी तुझ्या गाडीत कधी बसले ते मला सांग. माझ्या लक्षात नाही, म्हणजे फारच मजा आली असणार."

शब्द दिला होता. मी जमिनीकडं बघत होतो आणि ती माझ्याकडं. तेव्हा बाबा म्हणाले, "फाटकं मी उघडतो पोरी. मला दिसत नाही."

तर ते असं आहे. डोळ्यांच्या मधलं गेलंय, कडेकडेचं उरलंय. माणूस समोर उभा असला तर त्यांना टोपी आणि बूट दिसतात, मधे माणूस नसतो. मार्चपासून चाललंय. तू निघालास तेव्हा तुझा चेहरा त्यांना दिसत नव्हता आणि त्यांनी तुला "दाढी कर" असं म्हटलं होतं, आठवतं? अंदाजानं म्हणाले. एक दिवस त्यांनी गाडी कोकरांच्या कुंपणात घातली, तेव्हा चाव्या माझ्या हातात दिल्या आणि दुसऱ्या बाजूनं येऊन बसले. फाटकाची कडी हातानं चाचपून उघडतात. मला मदत करू देत नाहीत. तुला कळवायचं नाही अशी मला शपथ घातली. म्हणाले, कळलं तर तो तिथं राहायचा नाही, आणि इथं आला तर इथंही राहायचा नाही.

जी गोष्ट त्यांनी डॉक्टरपुढंही धड कबूल केली नाही ती तुझ्या पत्रामुळं त्यांना परक्या मुलीपुढं सांगावी लागली. ते वाईट झालं. मला फार राग आला. आत्ताही आहे.

पुढचंही लिहितो, नाहीतर तू ते दुसरीकडून ऐकशील. आम्ही लांबच्या कुरणातच निघालो होतो. ती गाडीकडं गेली, दार उघडलं आणि म्हणाली, "शिव्या खाल्ल्याच आहेत, तर बसून तरी बघते." बाबा मधे बसले. फाटकं तिनं उघडली. तिला मळमळलं नाही. आज रविवार, आजही ती आली.

त्याआधी माझ्या मनात काही नव्हतं असं तुला लिहिणार होतो. पण तू तो विनोदाचा मुद्दा काढलास, आणि मी विचार करत बसलो. आधी होतं की नव्हतं, मला खरंच सांगता येत नाही. आता आहे. तू नुसता गप्प राहिला असतास तर नाताळपर्यंत मला ते कळलंही नसतं.

डेस

*

घर
७ ऑक्टोबर

लायल,

मी बोलतोय आणि ग्लेनिस लिहितेय. डेस मेंढ्यांच्या मागं गेलाय. ती म्हणते, तुम्ही बोलाल तसंच लिहीन, मधे माझं घालणार नाही. तेव्हा पाकिटावरचं अक्षर बघून उड्या मारल्या असशील तर थांब. मी तुझा बाप आहे.

डेसच्या पत्राला तू महिनाभर उत्तर दिलं नाहीस. ठीक आहे. मीही माझ्या भावाशी एकदा दोन वर्षं बोललो नव्हतो, ते एका घोडीवरून.

तुला सांगायचंय ते त्या रात्रीचं. डेस ओरडला, "बाबा, बघा, बघा!" मी तोंड वर केलं. मला काही दिसलं नाही. कडेला थोडं लालसर झाल्यासारखं वाटलं, ते खरं की भास ते देव जाणे. डेस श्वास रोखून उभा होता. कुत्री वर बघून केकाटत होती. मला त्या कुत्रीचा हेवा वाटला, लायल. हसू नकोस. आपल्या दारात, आपल्या डोक्यावर, आणि कुत्रीला दिसतंय आणि मला नाही. "छान आहे," म्हणालो आणि आत जाऊन पलंगावर बसलो. मग ते दणके आले. ते मात्र मी सगळ्यांपेक्षा नीट ऐकले असतील.

म्हणून शनिवारी मीच डेसच्या मागं लागलो की चल, वेचायला. त्याला कोकरं सोडून जायचं नव्हतं. तुम्ही सगळ्यांनी बघितलं ना, मग मी हात तरी लावणार. ती टाकी मला पायाला लागून सापडली. धाग्यांवरून हात फिरवला तर एका अंगाला गुळगुळीत आणि दुसऱ्या अंगाला भाजलेल्या मटणाच्या सालीसारखी. तेवढं तर डेसलाही माहीत नव्हतं, तो आपला बघत होता. तुला तुकडा पाठवू दिला नाही तो मीच. एकही पाठवू दिला नाही. संग्रहालयवाले तुकडे न्यायला आले, त्यांना मी शेडच्या दारात आडवा आलो. तुला वाटलं डेसनं तो तिला दिला. तिला कशाला देऊ?

(इथं ते मला म्हणाले, हे लिहू नकोस. मग म्हणाले, लिही. — ग्लेनिस)

या घरात दोघांना ते दिसलं नाही, तुला आणि मला. तू लांब होतास म्हणून, मी जवळ असून. तेव्हा तुझं पोट का दुखतंय ते मला कळतं, या दोघांना कळायचं नाही. बाकी तू तिला लिहिलंस ते घाणेरडं होतं आणि ती आता काय ठरवेल ते तिचं ती ठरवेल. मी मधे बसतो आणि गप्प असतो.

यायचं तर ये, नाहीतर येऊ नकोस. पण पत्र पाठव. मला आता ही वाचून दाखवते.

तुझा बाप
आर्थर ट्रेगेन्झा

मला स्वतःचं काही लिहायचं नाही.
ग्लेनिस

*

छावणी
२१ ऑक्टोबर

बाबा,

अक्षर बघून उड्या मारल्या होत्या. रुळांच्या ढिगामागं जाऊन, कुणी बघणार नाही अशा जागी पाकीट फोडलं. मुकादम ओरडत होता, "स्कायलॅब, कुठं पडलास?" आणि आत तुम्ही निघालात. आधी राग आला. मग तुमचं ते कुत्रीचं वाचलं आणि मोठ्यानं हसलो, आणि मग हसणं बंद पडलं.

तुम्ही मला "दाढी कर" म्हणालात तेव्हा मी केलेली होती, बाबा. मला वाटलं निघतानासुद्धा टोचून बोलतायत. बसमध्ये दिवसभर त्याच रागात होतो.

मी कापणीला येतोय. मुकादमाला सांगितलंय. डेसला मदत करायला येत नाही, हे त्याला सांगा. त्याच्याशी मी किती बोलेन मला माहीत नाही. तुमच्या घोडीचं ऐकून धीर आला, दोन वर्षं चालतात म्हणजे. मी तुमच्यासाठी येतोय. ती टाकी मला बघायची नाही. तुम्ही माझे डोळे बांधा आणि शेडमध्ये न्या, आणि माझा हात धरून दाखवा कुठं गुळगुळीत आहे आणि कुठं भाजलंय. तुम्हाला जशी सापडली तशीच मला पाहिजे. डेसला तशी कधीच मिळणार नाही.

आता वाचणाऱ्यानं पुढचा तुकडा मोठ्यानं वाचू नये.

ग्लेनिस, घाणेरडं होतं ते. बाबा म्हणाले म्हणून नाही, पाठवल्यावर दुसऱ्याच दिवशी मला कळलं होतं, पण टपालाची गाडी गेली होती. तू डेसच्या शेजारी बसतेस ते मी इथून रोज बघतो. जळणं थांबत नाही, उगाच थांबलं म्हणणार नाही. आणि आता नवीन एक झालंय. मी लिहिलेलं सगळं तू बाबांना वाचून दाखवणार. तुझ्या तोंडून माझं पत्र, आणि ऐकणार ते. म्हणजे आता मी म्हाताऱ्यावरही जळायला लागलोय. अंगठी घेतली नव्हती. तेवढंच. उत्तर देऊ नकोस.

झालं. आता वाच मोठ्यानं.

बाबा, इथं ऊन भयंकर आहे पण मी टोपी घालतो. आत्ता ती मधेच गप्प झाली होती, तेव्हा काय लिहिलंय म्हणून तिला विचारू नका. आणि ती रडत असली किंवा हसत असली तर तुम्हाला दिसणार नाही, पण आवाजावरून कळेल. ते तेवढं मला कळवा. डेसकडून लिहून घेतलंत तरी चालेल.

तुमचा
लायल